‘डोन्ट मेक मी थिंक’मधला ‘मी’ कोण?

स्टीव्ह क्रूग यांचे ‘डोन्ट मेक मी थिंक’ हे पुस्तक २००० साली प्रसिद्ध झाले. वायटूकेच्या निमित्ताने इकडे आलेल्या आपल्यापैकी अनेकांनी ते तेव्हाच हातात घेतले असेल. वेबसाइट वापरायला सोपी कशी करावी, हा त्याचा विषय. पुस्तक मुद्दाम लहान ठेवलेले. विमानाच्या एका प्रवासात वाचून संपावे, हा लेखकाचाच हेतू. भाषा खेळकर, सोबत भरपूर चित्रे. २०१४मध्ये तिसरी आवृत्ती आली आणि तिच्यात मोबाइलवर नवे प्रकरण आले. ज्या धंद्यात पाच वर्षांत सगळे शिळे होते, तिथे हे पुस्तक पंचवीस वर्षे टिकून आहे, यावरूनच त्याचे मोल कळावे.

मी टेक्निकल रायटर आहे. यंत्र कसे चालवावे, फॉर्म कसा भरावा, अडकले तर काय करावे, हे लोकांना कळेल असे लिहिणे हे माझे काम. या कामात क्रूग यांचे नियम येताजाता कानावर पडतात. ते ज्या रीतीने पडतात, तिच्याबद्दल माझी तक्रार आहे. या पुस्तकात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे नियम. दुसरी म्हणजे आपण केलेले काम लोकांना खरोखर जमते का, हे तपासण्याची पद्धत. नियम सगळ्यांना पाठ आहेत, पद्धत फार थोडे पाळतात. आणि मराठीत, आपल्या तिकडच्या आईवडिलांसाठी काही करायचे म्हटले, की नियम अर्ध्या वाटेत साथ सोडतात. तिथे पद्धतच कामाला येते.

नियम काय सांगतात

क्रूग यांचे म्हणणे थोडक्यात असे. लोक वेबसाइट वाचत नाहीत, तिच्यावरून नजर फिरवतात. सर्वांत चांगला पर्याय शोधत बसत नाहीत, चालेलसा पहिला पर्याय दिसला की त्यावर बोट ठेवतात. ही कल्पना मूळची हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञाची. क्रूग यांनी ती वेबला लावली. आणि एखादी गोष्ट कशी चालते हे समजून घेण्याच्या फंदात लोक पडत नाहीत, कसेबसे काम उरकतात. तेव्हा पान असे असावे की पाहताक्षणी कळावे: हे कशाचे आहे, मी कुठे आहे, पुढे कुठे जायचे.

यातले काहीच हवेतले नाही. जेकब निल्सन यांनी १९९७ साली आपल्या चाचण्यांतून सांगितले होते, की नवे पान समोर आल्यावर ७९ टक्के लोक त्यावरून नजर फिरवतात आणि शब्दन् शब्द वाचणारे १६ टक्केच असतात. क्रूग यांनी हा निष्कर्ष कोणालाही पटेल अशा भाषेत सांगितला. त्यांची एक युक्ती मला फार आवडते. डोळे बांधून कोणी तुम्हाला गाडीच्या डिकीत घातले, बरेच फिरवले आणि एखाद्या साइटच्या कुठल्याही आतल्या पानावर आणून सोडले, तर पट्टी काढल्यावर तुम्हाला ठावठिकाणा कळला पाहिजे. ही कोणाची साइट, हे कोणते पान, मुख्य विभाग कोणते, शोधायचे कुठे?

ही परीक्षा आपल्या मंडळांच्या वेबसाइटना लावून पाहा. व्हॉट्सॲपवर गणेशोत्सवाची लिंक येते, ती थेट कुठल्या तरी आतल्या पानावर नेते. वर मोरया, खाली झुलती तोरणे, मग अध्यक्षांचे मनोगत, ‘आपले सहर्ष स्वागत’. कार्यक्रम कोणत्या शाळेच्या हॉलमध्ये, किती वाजता, जेवण तिकिटात धरलेले आहे की वेगळे, लहान मुलांचे तिकीट कितीपर्यंतच्या वयाला, गाडी कुठे लावायची? ही पाच उत्तरे शोधायला अंगठा झिजवावा लागतो. शेवटी माणूस ओळखीच्या कार्यकर्त्याला फोन करतो आणि त्या बिचाऱ्याचा शनिवार त्यात जातो. असल्या स्वागतपर मजकुराला क्रूग कात्री लावायला सांगतात: आधी पानावरचे अर्धे शब्द काढा, मग उरलेल्यातले अर्धे. मंडळाच्या पानापुरता हा सल्ला सोळा आणे खरा आहे.

पाहणे वेगळे, वापरणे वेगळे

हे सगळे दिसण्या-सजवण्याचे प्रश्न आहेत, असे कोणाला वाटेल. त्यांच्यासाठी त्याच वर्षीचे एक उदाहरण आहे. ७ नोव्हेंबर २००० रोजी अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. फ्लोरिडा राज्यातल्या पाम बीच काउंटीत त्या वेळी भोक पाडून मत देण्याची पद्धत होती. अध्यक्षपदाला दहा उमेदवार. सगळी नावे एका पानावर घेतली तर अक्षर बारीक होते, आणि या भागात वयस्कर मतदार खूप. म्हणून अधिकाऱ्यांनी अक्षर मोठे केले आणि नावे समोरासमोरच्या दोन पानांवर मांडली, मध्ये भोकांची एकच रांग. फुलपाखराच्या पंखांसारखी ही मांडणी पुढे ‘बटरफ्लाय बॅलट’ म्हणून जगभर गाजली.

डाव्या पानावर पहिले नाव बुश यांचे, दुसरे गोर यांचे. पण वरून दुसरे भोक गोर यांचे नव्हतेच. ते उजव्या पानावरच्या पहिल्या नावाचे, म्हणजे पॅट ब्युकॅनन यांचे होते. गोर यांचे भोक तिसरे. डावे पान वरून खाली वाचणाऱ्याने दुसऱ्या नावासाठी दुसरे भोक पाडले, तर मत भलत्याला गेले. चूक लक्षात येऊन काहींनी आणखी एक भोक पाडले, त्यांचे मत बाद झाले. एकाहून जास्त भोके पडल्यामुळे या एका काउंटीत १९ हजारांहून अधिक मते बाद झाली. ब्युकॅनन यांना तिथे सुमारे ३,४०० मते पडली. ती सगळी आपल्याला अपेक्षित नव्हती, हे त्यांनी स्वतःच बोलून दाखवले. पुढच्या वर्षी राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी हिशेब मांडला, की गोर यांना मत देऊ पाहणाऱ्या २,०००हून अधिक मतदारांची मते चुकून ब्युकॅनन यांच्याकडे गेली. अख्ख्या राज्याचा निकाल लागला तो ५३७ मतांच्या फरकाने.

यात दुष्ट हेतू कोणाचाच नव्हता. उलट म्हाताऱ्या माणसांची काळजी घ्यायला गेले आणि त्यातून हे घडले. मतपत्रिकेचा नमुना आधी प्रसिद्ध झाला होता, राजकीय पक्षांनाही तो मिळाला होता. सर्वांनी तो पाहिला आणि कोणाला काही खटकले नाही. कारण पाहणाऱ्याला मत द्यायचे नव्हते. ‘आहेत ना सगळी नावे?’ एवढेच तपासायचे होते. वापरणाऱ्याला मात्र मागे रांग असताना, हातात टोच्या घेऊन एक भोक पाडायचे होते. एका सत्तरीच्या मतदाराला शेजारी बसवून ‘गोरना मत देऊन दाखवा’ एवढे सांगितले असते, तरी घोटाळा मतदानाच्या आधी दिसला असता. क्रूग यांच्या पुस्तकाचा खरा गाभा हा आहे. तो नियमांच्या प्रकरणांत सापडत नाही, चाचणीच्या प्रकरणांत सापडतो.

‘मी’चा प्रश्न

आता पुस्तकाच्या नावाकडे येऊ. ‘मला विचार करायला लावू नका’ असे म्हणणारा हा ‘मी’ कोण? पुस्तकभर जो वापरणारा दिसतो, तो इंग्रजी वाचणारा, खरेदीची टोपली आणि शोधाची भिंगासारखी खूण ओळखणारा, चुकले तर मागे जाणारा अमेरिकन प्रौढ माणूस आहे. त्याच्यासाठी रूढ संकेत पाळले की काम झाले. क्रूग यांनी आपल्या वाचकासाठी लिहिले, त्यात त्यांची काही चूक नाही. पण आपण ते नियम उचलून मराठीत आणतो, तेव्हा हा ‘मी’ बदललेला असतो, आणि ते आपल्या ध्यानात येत नाही.

सर्वांत आधी अडतो तो शब्द कमी करण्याचा नियम. इंग्रजीत शब्द कमी केले की बहुधा मजकूर सोपा होतो, कारण उरतात ते रोजच्या बोलण्यातले शब्द. मराठीत छोटा शब्द आणि ओळखीचा शब्द एकच असेल असे नाही. ‘अग्रेषित करा’ हे दोनच शब्द आहेत. ‘पुढे पाठवा’ हेही दोनच. ‘अनुज्ञप्ती’ हा एकच शब्द आहे, पण गावात लोक ‘लायसन्स’ काढतात नाही तर ‘परवाना’. ‘भ्रमणध्वनी क्रमांक’ लिहिलेल्या चौकोनात काय भरायचे, हे मराठी माध्यमात दहावी झालेल्या माणसालाही क्षणभर थांबून ठरवावे लागते. शब्द मोजून हा प्रश्न सुटत नाही. शब्द वाचणाऱ्याच्या तोंडात आहे का, हे पाहावे लागते.

याचा अर्थ नवा शब्द घडवूच नये, असा नाही. ‘महापौर’ हा सावरकरांच्या नावावर असलेला शब्द आज कोणाला परका वाटतो? पण तो रुळला वर्तमानपत्रांतून, भाषणांतून, वर्षानुवर्षे कानावर पडून. बटणावरच्या शब्दाला ही सवड मिळत नाही. तिथे माणूस एकटा असतो, आणि त्याला त्याच घडीला दाबायचे की नाही ते ठरवायचे असते. भाषेची श्रीमंती वाढवण्याची जागा वेगळी, पेन्शनचा फॉर्म वेगळा.

दुसरी अडचण लिपीची. इंग्रजी पानावरून नजर फिरवताना डोळ्याला मोठ्या अक्षरांचा आधार असतो. माणसाचे, गावाचे, संस्थेचे नाव मोठ्या अक्षराने सुरू होते आणि आपोआप उठून दिसते. देवनागरीत मोठे-लहान अक्षर नाही. ‘आशा’, ‘प्रकाश’, ‘विजय’, ‘संध्या’ ही माणसे आहेत की साधे शब्द, हे वाक्य वाचल्याशिवाय कळत नाही. म्हणजे मराठी पान नजरेने चाळणे मुळातच अवघड आहे. इंग्रजीत उपशीर्षके, छोटे परिच्छेद आणि याद्या या सोयी आहेत; मराठीत त्यांच्यावाचून निभाव लागत नाही.

लिपीचे आणखी तपशील आहेत. इंग्रजी शीर्षकांत अक्षरे जरा लांब-लांब ठेवण्याची फॅशन असते. तेच माप देवनागरीला लावले की शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसू लागतात. वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार असल्यामुळे ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडावी लागते. नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. पानाची भाषा मराठी आहे, असे कोडमध्ये नोंदवायचे असते. ते केले तर काही फॉन्ट ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दाखवतात, आणि दृष्टिहीनांना पान वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर योग्य भाषेचा आवाज निवडू शकते. एका ओळीचे काम, पण कितीतरी मराठी साइटवर ते केलेले नसते.

तिसरी अडचण नावांची, आणि ती तर आपल्या सगळ्यांच्या घरातली. ‘फर्स्ट नेम’ आणि ‘लास्ट नेम’ असे दोन चौकोन पाहिले की मराठी माणसाला विचार करावाच लागतो. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि आडनाव, असे आपले नाव तिपेडी. भारतीय पासपोर्टवर आडनावाची जागा वेगळी, आणि उरलेली दोन्ही नावे बहुधा एकत्र दुसऱ्या जागी. तिकिटावर तीच दोन नावे जोडून एक लांबलचक शब्द तयार होतो. मग दवाखान्यात सासूबाईंना त्यांच्या सासऱ्यांनी ठेवलेल्या नवऱ्याच्या नावाने हाक मारली जाते आणि त्या जागच्या हलत नाहीत, कारण हाक आपल्याला आहे हे त्यांच्या गावीही नसते. ब्रिटिश सरकारच्या साइटसाठी जी डिझाइनची मार्गदर्शक तत्त्वे आहेत, त्यांत म्हटले आहे की तऱ्हेतऱ्हेच्या नावांना सामावून घ्यायला पूर्ण नावाचा एकच चौकोन सर्वांत सोयीचा. ज्यांनी हे लिहिले त्यांनी बहुधा निरनिराळ्या देशांतून आलेली माणसे समोर बसवून पाहिली असावीत. घरबसल्या नियम आठवून हे सुचणे कठीण.

कुठे थांबवले पाहिजे

पुस्तकाच्या नावाचा आणखी एक अर्थ लोकांनी काढला आणि तो जास्त घातक आहे. विचार करायला लावायचे नाही, म्हणजे कुठेच अडवायचे नाही. एका क्लिकमध्ये खरेदी, एका क्लिकमध्ये वर्गणी. मात्र वर्गणी बंद करायची तर सहा पाने ओलांडा. हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० साली अशा लबाड मांडणीला ‘डार्क पॅटर्न’ असे नाव दिले. भारतात २०२३च्या नोव्हेंबरमध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा तेरा प्रकारांची यादी करून ते निषिद्ध ठरवले. आपोआप टोपलीत पडलेली वस्तू, शेवटच्या पानावर वाढलेली रक्कम, ‘नको’ म्हणणाऱ्याला लाज वाटेल असे शब्द, सगळे त्यात आहे.

क्रूग यांना याची जाण नव्हती असे म्हणता येणार नाही. वापरसुलभता म्हणजे साधे सौजन्य, यावर त्यांचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. लोकांना हवी ती माहिती लपवली की त्यांची सदिच्छा आटत जाते, असे ते तिथे सांगतात. तरीही पुस्तकाचा एकूण झोका ‘लवकर पुढे जाऊ द्या’ याच दिशेने आहे. कोणत्या जागी माणसाला मुद्दाम थांबवले पाहिजे, हा प्रश्न त्यात जवळजवळ नाहीच.

आपल्या आईवडिलांच्या दृष्टीने तोच प्रश्न मोठा आहे. यूपीआयचेच पाहा. पैसे देताना पिन लागतो. पैसे घेताना लागत नाही. फसवणारा नेमका इथे घाव घालतो. ‘काका, तुमचे पैसे परत आलेत, घ्यायला फक्त पिन टाका,’ असे गोड आवाजात सांगतो आणि खात्यातून पैसे जातात. इथे पडद्याने घाई करू नये. ‘पिन टाकलात तर तुमच्या खात्यातून पैसे जातील’ असे ठळक, साध्या मराठीत सांगून क्षणभर थांबवावे. वाट शोधताना विचार करायला लागू नये आणि सही करताना लागावा. क्रूग यांच्या नियमाला ही पुस्ती जोडल्याशिवाय तो आपल्या घरात वापरता येणार नाही.

शेजारी बसून गप्प राहणे

चाचणीची जी पद्धत क्रूग सांगतात, ती इतकी साधी आहे की लोकांना ती गांभीर्याने घ्यावीशी वाटत नाही. महिन्यातून एक सकाळ, तीन माणसे. एकेकाला काम द्यायचे, ते करताना मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगायचे. आपण शेजारी बसायचे आणि मदत करायची नाही. जेवणाच्या वेळेला एकत्र बसून ठरवायचे, की सर्वांत जास्त कुठे अडले, आणि तेवढेच दुरुस्त करायचे. शेकडो माणसे नकोत, प्रयोगशाळा नको. निल्सन यांचेही म्हणणे होते, की चार-पाच माणसांतच बहुतेक मोठ्या अडचणी उघड होतात.

यातली अवघड गोष्ट एकच, गप्प राहणे. गेल्या वर्षी आईला पेन्शनशी संबंधित एक ऑनलाइन फॉर्म भरायचा होता. ती सांगलीत, मी इथे, मध्ये व्हिडिओ कॉल आणि तिचा पडदा माझ्या पडद्यावर. मी काही सांगायचे नाही, असे ठरवून बसले. पहिल्याच चौकोनाशी ती थांबली. “अगं, ‘अभिलेखानुसार नाव’ म्हणजे? पासबुकावरचं की आधारवरचं?” मग जन्मतारीख, चौकोनात टाइप करू देत नव्हते, कॅलेंडरच्या बाणावर बोट ठेवून एकेक महिना मागे जायचे. १९४८पर्यंत. शेवटी खाली दोन बटणे आली, ‘जतन करा’ आणि ‘अग्रेषित करा’. तिने पहिले दाबले आणि समाधानाने म्हणाली, “झालं बाई एकदाचं.” झाले नव्हते. फॉर्म नुसता साठवला गेला होता, गेला कुठेच नव्हता. मी विचारले, “आई, कशावरून झालं म्हणतेस?” तिने नीट पाहिले आणि मग जे बोलली ते मी वहीत लिहून ठेवले आहे. “माझंच काहीतरी चुकलं असणार. मला आता नाही जमत हे. तूच कर पुढच्या वेळी.”

हिशेबाच्या वह्या चाळीस वर्षे बिनचूक लिहिणारी बाई हे बोलत होती. चूक फॉर्मची होती आणि ती तिने स्वतःवर घेतली. डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ सालीच ‘द सायकॉलॉजी ऑफ एव्हरीडे थिंग्ज’ या पुस्तकात दाखवले होते, की ढकलायचे दार आपण ओढले तर दोष सहसा दाराच्या मांडणीचा असतो, पण माणूस खजील होऊन स्वतःलाच बोल लावतो. आपल्या आईवडिलांच्या बाबतीत हे खजील होणे तिथेच थांबत नाही. ते हळूहळू स्वतःचे व्यवहार सोडून देतात. बँक मुलाकडे, पेन्शन जावयाकडे, फोन शेजारच्या पोराकडे. ज्याच्या हाती पासवर्ड, त्याच्या हाती घर. वाईट मांडणीची खरी किंमत ही आहे, आणि ती कोणत्याही आकडेवारीत दिसत नाही.

मराठीतला जुना नमुना

असे लिहिणे मराठीला नवे आहे, असे समजण्याचे कारण नाही. परदेशी निघालेल्या कितीतरी मुलींच्या बॅगेत कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ होती. १९७० साली आलेले हे पुस्तक म्हणजे उत्तम टेक्निकल रायटिंग आहे. प्रमाण वाटी-चमच्याचे, म्हणजे कोणत्याही घरात असलेले. साहित्य आधी, कृती मागाहून. शेजारी आई नाही, सासू नाही, हे धरूनच ते चालते. ‘अंदाजाने घ्यावे’ हे वाक्य ज्याला अंदाज आहे त्याच्यासाठी असते; ज्याला नाही त्याला माप द्यावे लागते. आणि माप दिले म्हणून स्वयंपाक करणारीची बुद्धी गहाण पडत नाही. चव घ्यायला ती मोकळीच राहते.

हीच शिस्त फॉर्मला आणि सूचनांना लावता येते. सुरुवातीलाच सांगावे, की कोणती कागदपत्रे हाताशी लागतील आणि किती वेळ लागेल. एका वाक्यात एकच कृती सांगावी. अट आधी, कृती नंतर: ‘पत्ता बदलला असेल, तर इथे नवा पत्ता लिहा’. याच्या उलट क्रमाने लिहिले, की माणूस अर्धे वाचून नवा पत्ता शोधायला लागतो. बटणाचे नाव पडद्यावर आहे तसेच्या तसे सूचनेत लिहावे. पडद्यावर ‘सबमिट’ असेल तर सूचनेत ‘सादर करा’ म्हणू नये. दाबल्यावर काय दिसेल तेही सांगावे, म्हणजे बरोबर वाटेवर आहोत हे कळते. काम पूर्ण झाले की ‘तुमचा अर्ज पोहोचला’ असे लिहावे, आणि पूर्ण झाले नसेल तर तेही लिहावे.

चुकीचा निरोप हा तर सौजन्याची परीक्षाच. ‘अवैध नोंद’ म्हणजे दारावरून हाकलणे. ‘मोबाइल नंबर दहा आकडी हवा, तुम्ही नऊ आकडे लिहिले आहेत’ हे कळणारे वाक्य आहे. कोणी मराठी कीबोर्डवरून १२३ असे देवनागरी आकडे टाकले, तर यंत्राने ते निमूट बदलून घ्यावेत. त्यासाठी माणसाला परत पाठवू नये. आणि फॉर्म इकडच्या लोकांसाठी असेल, तर ०५/०४ म्हणजे पाच एप्रिल की चार मे, हे वाचणाऱ्यावर सोडू नये. महिन्याचे नाव अक्षरात लिहावे.

तर पुस्तक वाचावे का?

जरूर वाचावे, आणि तिसरी आवृत्ती वाचावी. मात्र उलट्या क्रमाने. चाचणीची प्रकरणे आधी, मग सौजन्याचे प्रकरण, आणि नियम सर्वांत शेवटी. या क्रमाने वाचले की नियम खरे वाटतात तिथे घेता येतात आणि आपल्या भाषेला बसत नाहीत तिथे सोडता येतात, कारण कोणाचे ऐकायचे हे तोवर ठरलेले असते. क्रूग यांनी स्वतः बजावले आहे, की ‘वापरणाऱ्यांना काय आवडते’ यावर मीटिंगमध्ये वाद घालण्यात अर्थ नसतो, सरासरी वापरणारा असा कोणी अस्तित्वातच नसतो. आपल्या कमिटीच्या मीटिंगांत बटण भगवे असावे की निळे यावर जे तास जातात, त्यांना हे वाचून दाखवण्यासारखे आहे.

या गणपतीला नोंदणीचे पान उघडण्याआधी कार्यकारिणीने एक करून पाहावे. मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या एखाद्या आजी-आजोबांना लॅपटॉपसमोर बसवावे. “दोन मोठे, एक लहान, जेवणासकट तिकिटे काढून दाखवता का?” एवढेच विचारावे आणि मागे हात बांधून उभे राहावे. चहा तेवढा द्यावा. ते जिथे थांबतील तिथे खूण करावी. त्यांच्या जागी आपण बटण दाबून देऊ नये, आणि ते “माझंच चुकलं” म्हणाले, तर त्यांना सांगावे की तुमचे काही चुकले नाही, हे पान आम्ही दुरुस्त करतो. आणि त्याच संध्याकाळी ते दुरुस्त करावे.